फाटक उघडं टाकणारा इसम

सोमवार, १५ जून

आज सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मी पुन्हा कामाचा माणूस झालो. एकतीस वर्षं आमच्या ओबरमोस गावापासून खालच्या स्टेशनापर्यंत बस चालवली, एकदाही उशीर केला नाही. निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं आफ्राताईच्या कोंबड्यांना दाणे टाकतोय. आता पुरे झालं ते.

ग्रामपंचायतीने मला या उन्हाळ्यापुरता आमच्या दरीचा निसर्गरक्षक नेमलंय. सरपंचांनी स्वतःच्या हाताने हिरवं जाकीट, पितळी बिल्ला, शिट्टी आणि नियमांचं छोटं पुस्तक दिलं. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी खालच्या पुलापासून वरच्या तळ्यापर्यंत फेरी मारायची, आणि डोंगरात कसं वागायचं ते फिरायला येणाऱ्या मंडळींना शिकवायचं. काम चांगलं झालं तर पुढच्या वर्षीही मीच.

"पगार किती?" आफ्राताईने विचारलं. माझी थोरली बहीण. भाऊजी गेल्यापासून आम्ही दोघं एकाच घरात राहतो.

"मानाचं काम आहे, ताई."

"म्हणजे फुकट. मग जाकीट तरी मापाचं द्यायचं की! बाह्या बघ केवढ्या. आत हात आहेत की नाहीत तेच कळत नाही."

पुस्तक संध्याकाळपर्यंत वाचून काढलं. सात नियम आहेत. भेटेल त्याला नमस्कार करा, वाट सोडू नका, फुलं तोडू नका, कुत्रं बांधून न्या, कचरा परत आणा, गुरांपासून लांब राहा. सातवा असा: 'कुरणाचं फाटक जसं दिसेल तसं ठेवा.' आता हा काय नियम झाला? उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं? मग फाटक लावलंय कशाला? मी नियमात दुरुस्ती केली. 'फाटक बंद करा. नेहमी.' पाट्याही मीच रंगवल्या.

मंगळवार, १६ जून

पहिली फेरी. एकसष्ट माणसांना 'ग्रुस गॉट' (आमच्याकडचा नमस्कार) म्हटलं, अठ्ठावन्न जणांनी उत्तर दिलं. उरलेल्या तिघांना थांबवून पुन्हा म्हणायला लावलं.

वरच्या कुरणापाशी मात्र एक वाईट प्रसंग घडला. एक गृहस्थ वाट सोडून झुडपामागे निघाले होते. कशासाठी ते मला कळत होतं, पण नियम तो नियम. मी शिट्टी मारली. त्याबरोबर बुर्गलची त्रेचाळीस गुरं शेपट्या वर करून उधळली. चौदा माणसांच्या देखत बुर्गल झोपडीतून धावत आली, कोपरापर्यंत दुधात भिजलेली, आणि म्हणाली, "वेंडलकाका, ती शिट्टी परत वाजलेली ऐकली ना, तर तुम्हालाच दावणीला बांधीन. चारा मिळेल, काळजी करू नका."

चौदाही जण हसले. ते झुडपामागचे गृहस्थसुद्धा.

ही बुर्गल म्हणजे तेहतीस वर्षांची पोर. आठ वर्षं मी हिला माझ्या बसमधून शाळेत सोडलंय. वरचं कुरण तिचे वडील सांभाळायचे, ते हिवाळ्यात गेले. गावातल्या सहा शेतकऱ्यांनी बैठक घेऊन ठरवलं की एक उन्हाळा गुरं हिच्या स्वाधीन करून बघू. सप्टेंबरात सगळीच्या सगळी त्रेचाळीस जनावरं जिवंत खाली उतरली तर प्रथेप्रमाणे त्यांच्या डोक्यावर फुलांचे मुकुट चढतील आणि कुरण दहा वर्षांसाठी बुर्गलचं होईल. एक जरी कमी भरलं तरी मुकुट नाहीत. गुरं उघड्या डोक्याने, मुकाट गावात येतील, आणि कुरण जाईल त्या सहांतल्याच म्हाताऱ्या वाल्टिनरच्या पुतण्याकडे. त्याला तिथे सॉसेजचं दुकान टाकायचंय.

पोरीचं भलं व्हावं असं मलाही वाटतं. पण ती माफी मागत नाही तोवर मी तिच्या झोपडीची पायरी चढणार नाही. माझी फेरी फाटकापर्यंत, तिथून उजवीकडे तळ्याला. झोपडी डावीकडे आहे, तिकडे बघायचंसुद्धा नाही.

गुरुवार, २ जुलै

कोरडा उन्हाळा. आफ्राताई दुकानातून बातमी घेऊन आली की वरच्या कुरणातला ओढा आटला. आता गुरांना पाणी फक्त फाटकाच्या खालच्या अंगाला, दगडी डोणीत.

"बिचारी बुर्गल," ताई म्हणाली. "एकटीने दूध काढायचं, एकटीने चीज करायचं. कढईखालचा जाळ सोडून सकाळी हलताही येत नाही तिला. गुरं आपली आपणच पाण्यावर जातात म्हणे."

हुशार असतात जनावरं.

शनिवार, ४ जुलै

फाटक सताड उघडं! दहा वाजून वीस मिनिटांनी मी पोचलो तर दोन्ही फळ्या वाऱ्यावर. नशीब एकही जनावर बाहेर पडलं नव्हतं, सगळी वर चरत होती. ताबडतोब बंद केलं आणि तारेने आवळलं. कोण असेल हा बेजबाबदार माणूस?

मंगळवार, ७ जुलै

पुन्हा उघडं. तार सोडून व्यवस्थित गुंडाळी करून खांबाला अडकवलेली. म्हणजे इसम निर्ढावलेला आहे. बंद केलं.

शनिवार, ११ जुलै

पुन्हा. बंद केलं.

एक आनंदाची गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. गुरं मला ओळखायला लागलीत. मी फाटक लावलं की वरून एकेक करत सगळी खाली येतात, फळ्यांना छाती लावून उभी राहतात आणि माझ्याकडे बघून हंबरतात. मी वळणावर दिसेनासा होईपर्यंत हंबरतात. एकतीस वर्षांत एकाही प्रवाशाने मला असा निरोप दिला नाही. डोळ्यांत पाणी आलं.

शनिवार, १८ जुलै

संशयित सापडली. हांबुर्गच्या पेटर्सनबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, दहा आठवड्यांसाठी चर्चजवळच्या खोलीत उतरल्यात. रोज वर जातात. आज फाटकापाशी गाठ पडली. ते अर्थात उघडंच होतं आणि बाई त्याच्याजवळ दगडावर बसून सफरचंद खात होत्या.

"बाई, हे फाटक आपण उघडलंत?"

"नाही हो. उघडंच होतं."

"मग बंद का नाही केलंत?"

त्यांनी पिशवीतून तेच नियमांचं पुस्तक काढलं. "इथे लिहिलंय, जसं दिसेल तसं ठेवा. मी तसंच ठेवलं."

"ते जुनं झालं. मी दुरुस्ती केलीय."

"कुणाला विचारून?"

उत्तर द्यायला मी बांधील नाही. फाटक त्यांच्यासमोर बंद केलं, जरा आवाज करूनच. त्यांनी सफरचंदाचा उरलेला गाभा रुमालात बांधून पिशवीत टाकला. कचऱ्याचा नियम अगदी चोख पाळतात. अशीच माणसं जास्त बनेल असतात. सरपंचांना लेखी कळवलं.

मंगळवार, २८ जुलै

हद्द झाली! फाटकावर पाटी लावलेली. लाकडी फळी, कोळशाने लिहिलेलं: 'फाटक उघडं ठेवा. परत बंद केलंत तर कान उपटीन.'

खाली नाव नाही. नाव लिहायला धाडस लागतं. आणि ही भाषा! एका शिक्षिकेची! फळी काढून पुरावा म्हणून घरी आणली, कपाटाच्या तळाशी कुलपात ठेवली. आफ्राताईला दाखवली नाही. तिला चौकशीतलं काही कळत नाही, उगाच चार घरी सांगत बसेल.

फाटक बंद केलं. या वेळी दोन तारा.

गुरुवार, ६ ऑगस्ट

चिंतेची बातमी. बुर्गलचं दूध कमी भरतंय. रविवारी शेतकरी गुरांसाठी मीठ घेऊन वर गेले होते तेव्हा तिने वही दाखवली. आफ्राताईने वाल्टिनरच्या सुनेकडून सगळं ऐकलं.

"आणि गंमत अशी," ताई म्हणाली, "रोज कमी नाही. फक्त मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी."

मी बराच वेळ विचार केला. मंगळवार, गुरुवार, शनिवार. म्हणजे नेमके मी वर असतो तेच दिवस! माझा पहारा असूनही दूध घटतं. मग मी नसतो तर किती घटलं असतं? हे मी ताईला बोलून दाखवलं. ती हातातलं विणकाम खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिली.

"वेंडल," ती म्हणाली, "तू वर नक्की करतोस तरी काय?"

"रक्षण," मी म्हणालो.

शनिवार, १५ ऑगस्ट

सणाचा दिवस. चर्चमध्ये रानातल्या औषधी पाल्याच्या जुड्यांना आशीर्वाद झाला. बाहेर वाल्टिनर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाईमाणसाचं काम नाही ते. बापाची सावली होती तोवर निभावलं. माझी कालवड, मीमी, वाळून काठी झालीय."

बुर्गल आज वर होती, तिच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं. मला राग आला. मी पुढे झालो आणि सांगितलं की कुरणात एक समाजकंटक शिरलाय, फाटकाशी खेळतो, गुरं त्यामुळे बेचैन असणार. सरपंचांनी मान डोलावली. "सापडेल का?"

"कॉलर धरून तुमच्यासमोर उभा करतो," मी म्हणालो. "हा वेंडेलिन क्राबिखलरचा शब्द."

पेटर्सनबाई पाठीमागे उभ्या होत्या. त्यांच्याकडे मी मुद्दाम बघितलं. त्यांनी "ग्रुस गॉट" म्हटलं. नियम आहे, म्हणून उत्तर दिलं.

गुरुवार, २० ऑगस्ट

सापळा लावला. दहा वीसला फाटक बंद केलं (उघडंच होतं) आणि बुटक्या पाइनच्या झुडपात दुर्बीण घेऊन तीन वाजेपर्यंत बसलो. कुणीही फिरकलं नाही. साडेचार तासांत फाटकाला एक बोट लागलं नाही. माझी दहशत बसलीय यात शंका नाही.

गुरं मात्र पूर्ण वेळ फाटकाशी उभी होती. एवढी माया बरी नव्हे, चरायचं सोडून. मी झुडपातून बाहेर येऊन त्यांना समजावलं की मी रोज येऊ शकत नाही, मंगळवार, गुरुवार, शनिवार. कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक कालवड, तीच वाल्टिनरची मीमी, फळ्यांतून तोंड काढून माझा हात चाटत राहिली. जीभ अगदी खरखरीत, कोरडी. आजारी असेल काय? बुर्गलला सांगायला हवं. पण अजून तिने माफी मागितलेली नाही.

गुरुवार, ३ सप्टेंबर

आज फार घाईत फेरी केली. सकाळपासून उत्तरेकडे काळंकुट्ट, वारा थंडगार. फाटक उघडं होतं. अशा हवेत तर बंद असायलाच हवं, गुरं कुठेही भरकटतील. दोन्ही तारा पक्क्या आवळल्या आणि पळतच खाली आलो. दुपारी चारला गावात पाऊस, वर पांढरं. सप्टेंबरच्या तीन तारखेला बर्फ! आफ्राताईने चूल पेटवली.

शुक्रवार, ४ सप्टेंबर

कसं लिहू कळत नाही.

सकाळी चर्चची घंटा वाजली. बुर्गलने खाली निरोप धाडला होता. बेचाळीस. एक कमी. आम्ही सगळे वर गेलो, सहा शेतकरी, सरपंच आणि बिल्ला लावून मी. घोट्यापर्यंत बर्फ. फाटकाच्या बाजूचं कुंपण दहा हात मोडून पडलेलं, खांबांवर केस चिकटलेले. एका गाईच्या खांद्याला कापलं होतं, बुर्गल तिला टाके घालत होती.

वाल्टिनर फाटकापाशी उभा राहिला. ते बंद होतं. माझ्या दोन तारांनी.

"बर्फात गुरं खाली रानात पळतात हे लहान पोरालाही कळतं," तो म्हणाला. "फाटक उघडायचं विसरलीस. माझी मीमी गेली."

"मी उघडलं होतं," बुर्गल म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "ओढा आटल्यापासून रोज पहाटे उघडते. गुरं पाण्यावर कशी जाणार नाहीतर? आणि कुणीतरी रोज बंद करतं. पाटीसुद्धा लावली. कान उपटीन म्हणून लिहिलं. तीही चोरून नेली."

"कुणीतरी!" वाल्टिनर म्हणाला. "नेहमी कुणीतरीच असतं."

तिथे उभ्या उभ्या मी मनात जुळवत गेलो. ओढा. डोण. मंगळवार, गुरुवार, शनिवार. ती जीभ. मला निरोप द्यायला यायची म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती बिचारी पाण्यासाठी यायची. दोन महिने. मी त्यांना माझ्या वेळापत्रकावर भाषण दिलं.

सरपंच माझ्याकडे वळले. "वेंडेलिन, तुम्ही तर इथेच असता. काही माहिती?"

मी म्हणालो, "चौकशी चालू आहे."

असं म्हणालो मी. बुर्गलच्या देखत.

शनिवार, ५ सप्टेंबर

फेरीला गेलो नाही. ताईने विचारलं, पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. कपाट उघडून ती फळी पाहिली. अक्षर बुर्गलचंच आहे. लहानपणी बसच्या वाफ धरलेल्या काचेवर ती बोटाने नाव लिहायची, तेच ओढलेलं 'ब'. इतकी वर्षं पाहिलेलं अक्षर मला ओळखू आलं नाही, कारण ओळखायचंच नव्हतं.

पंचायतीत सोमवारी बैठक. मीमी मिळाली नाही तर मुकुट नाहीत, कुरण पुतण्याचं. मी गप्प बसलो तर कुणालाही कधीही कळणार नाही. हे लिहिताना मलाच माझी किळस येतेय. काल गप्प का बसलो? बिल्ल्यासाठी? पितळेच्या त्या चकतीसाठी? भित्रा आहे मी, दुसरं काय.

ताई आत आली. तिने फळी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता धुऊन काढेल.

"मला सहा ऑगस्टलाच वाटलं होतं," ती म्हणाली. "पण म्हटलं, माझा भाऊ कितीही झाला तरी एवढा मठ्ठ नसेल." मग शिदोरी बांधायला लागली. "उद्या उजाडताच निघ. खिंडीपलीकडे शोधलंय का कुणी?"

रविवार, ६ सप्टेंबर

खिंडीपलीकडे हिंटरआख दरी आहे. आमच्या माणसांचं आणि त्यांचं जमत नाही. का जमत नाही ते आता कुणालाच आठवत नाही, पण जमत नाही हे पक्कं.

खिंडीत बर्फावर खुरांचे ठसे सापडले. छाती धडधडायला लागली. ठसे रंगाच्या खुणा असलेल्या वाटेवरून चालले होते, वाट सोडून एक पाऊल नाही. उन्हाळाभर ज्या हजार माणसांना मी वाटेवर राहायला सांगितलं, त्यात एवढी आज्ञाधारक कुणीच नव्हती.

पलीकडच्या पहिल्याच गोठ्यात मीमी उभी होती, पोटभर गवत खाऊन. लंगडत होती पण धडधाकट. तिथला गुराखी कासिआन, पिंपाएवढा माणूस, दारात पाइप ओढत बसला होता. मी मीमीच्या गळ्यात पडलो आणि रडलो. कासिआनने माझं आटोपेपर्यंत पाइप ओढला.

"तुमच्याकडे बर्फ पडताना फाटकं बंद करतात वाटतं?" तो म्हणाला. "कुठल्या गाढवाने केलं हे?"

पहिल्यांदाच मोठ्याने बोललो. "ह्या गाढवाने."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. जाकीट, बिल्ला, सगळं. "आणि तुम्ही कोण?"

"निसर्गरक्षक."

तो इतका हसला की गोठ्यातल्या गाई वळून बघायला लागल्या. मग आत जाऊन ताक आणि भाकरी-चीज घेऊन आला, मीमीच्या पायाला पट्टी बांधून दिली. दोन दिवसांच्या चाऱ्याचं काही घ्यायला तयार झाला नाही. म्हणाला, ही गोष्ट मला हिवाळाभर पुरेल, वसूल झालं.

परतीला सात तास. चढावर मीमी बसली की बसली. तिला उठवायला मी वाट सोडली, ओल्या शेवाळावर आडवा झालो, निळ्या फुलांचा एक अख्खा ताटवा तुडवला, आणि शेवटी तोंडापुढे धरायला तीच फुलं उपटली. शिदोरीचा कागद वाऱ्याने उडाला. समोरून दोन पोरं आली, त्यांनी 'ग्रुस गॉट' म्हटलं, मला धाप लागल्यामुळे उत्तर देता आलं नाही. सात नियमांतले किती मोडले ते मोजायचं सोडून दिलं.

अंधार पडायच्या आत झोपडीशी पोचलो. बुर्गल दूध गाळत होती. मीमीला पाहून गाळणं हातातून पडलं. तिने आधी मीमीचे चारही पाय चाचपले, कान पाहिले, तोंड उघडून पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"वेंडलकाका! तुम्ही आणलंत!" आणि मला मिठी मारली. मी लाकडासारखा उभा. त्या मिठीला माझा काडीचाही हक्क नव्हता.

"बुर्गल," मी म्हणालो, "फाटक मी बंद करायचो."

तिने हात काढले. मागे गुरं पाणी पीत होती, तो आवाज ऐकू येत होता.

"रोज?" तिने विचारलं.

"मंगळवार, गुरुवार, शनिवार."

"आणि परवा वाल्टिनर मला बोलत होता तेव्हा?"

"तेव्हा कळलं होतं मला. गप्प बसलो."

"जा काका," ती म्हणाली. "आत्ता जा. मी काहीतरी बोलून बसेन."

सोमवार, ७ सप्टेंबर

पंचायतीच्या खोलीत सहा शेतकरी, सरपंच आणि कोपऱ्यात बुर्गल. वाल्टिनर आधीच बोलायला लागला होता की कालवड मिळाली हे नशीब, पण निष्काळजीपणा तो निष्काळजीपणाच, मुकुटाचा प्रश्नच येत नाही.

मी उभा राहिलो. "सरपंचसाहेब, मी शब्द दिला होता. फाटकाशी खेळणाऱ्या माणसाला कॉलर धरून आणीन म्हणून."

"मग? सापडला?"

मी उजव्या हाताने स्वतःची कॉलर धरली. बाही इतकी लांब की आधी ती वर सारावी लागली. कुणालाच काही कळेना. वाल्टिनर म्हणाला, "गळ्याला काय झालं याच्या?" मग मी सगळं सांगितलं. ओढा, तारा, पाटी, झुडूप, भाषण. दुधाची वही मागून घेतली, माझी फेरीची वही शेजारी ठेवली आणि एकेक तारीख जुळवून दाखवली. बुर्गलने एकही दिवस चुकवला नव्हता, ना दूध काढायचा, ना फाटक उघडायचा. निष्काळजी माणूस खोलीत एकच होता आणि त्याच्या छातीवर बिल्ला होता. तो काढून टेबलावर ठेवला.

मग सगळ्यात म्हातारे शेतकरी, जे बैठकीत कधी बोलत नाहीत, ते म्हणाले, "म्हणजे या पोरीने बर्फ झेललं, दुष्काळ झेलला, वर आणि वेंडेलिनलाही झेललं. तरी त्रेचाळीस जिवंत आहेत?"

"त्रेचाळीस," बुर्गल म्हणाली.

"मग मुकुट बांधा की."

पाच हात वर गेले. वाल्टिनरने आपला हात बराच वेळ खिशात ठेवला. शेवटी म्हणाला, "मीमीचा मुकुट मात्र हाच बांधेल. स्वतःच्या हाताने." आणि हात वर केला.

सरपंचांनी बिल्ला आपल्याकडे ओढून घेतला. पुढच्या वर्षाबद्दल कुणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही.

मंगळवार, ८ सप्टेंबर

पेटर्सनबाईंच्या खोलीवर जाऊन क्षमा मागितली. त्या सामान बांधत होत्या. म्हणाल्या, "माझ्याविरुद्धची तुमची तक्रार सरपंचांनी मला वाचायला दिली होती. शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या." तपासलेला कागद त्यांनी मला परत केला. लाल शाईत दहापैकी तीन गुण.

शुक्रवार, १८ सप्टेंबर

मुकुट बांधणं हे येरागबाळ्याचं काम नाही. सहा घरांतल्या बायका अंगणात बसून भराभर बांधत होत्या, फरच्या फांद्या, रेशमी फिती, कागदी फुलं, मधोमध छोटा आरसा. मला तारच वळेना. जी तार फाटकाला एका झटक्यात आवळायचो ती आज बोटांत घुसत होती.

"काय हो साहेब," वाल्टिनरची सून म्हणाली, "हा मुकुट आहे की कोंबडीचं खुराडं?"

"हिच्या भावाने केलेलं खुराडं याहून बरं होतं," आफ्राताई म्हणाली, "आणि तो आंधळा होता." पण मग माझ्या शेजारी येऊन बसली आणि मी वळवलेली प्रत्येक फांदी दाबून धरत राहिली. संध्याकाळपर्यंत एक मुकुट झाला. डावीकडे कलतो.

शनिवार, १९ सप्टेंबर

ऊन पडलं होतं. आठच्या सुमारास वरून घंटांचा आवाज सुरू झाला आणि सगळं गाव रस्त्याच्या दोन्ही कडांना उभं राहिलं. मी आफ्राताईजवळ, दोरीच्या मागे. अंगात माझं जुनं राखाडी जाकीट.

सगळ्यांत पुढे बुर्गल, काळ्या घागऱ्यात, हातात काठी, मान ताठ. तिच्यामागे म्होरकी गाय, हातभर उंच मुकुट घालून, आणि मग एकामागून एक. चौकात चर्चच्या पायरीवर बुर्गल उभी राहते आणि समोरून जाणारं प्रत्येक जनावर मोठ्याने मोजते, अशी प्रथा आहे. सहा शेतकरी समोर. गावाने आवाज करायचा नाही.

तीसपर्यंत तिचा आवाज खणखणीत होता. चाळीसला थोडा चिरकला. एक्केचाळीस. बेचाळीस. मग वाट रिकामी. मीमी लंगडत होती ना, मागे राहिली होती. सगळं गाव वळणाकडे बघत राहिलं. ती आली, अगदी सावकाश. पुढच्या बैलाने वाटेत माझा अर्धा मुकुट खाऊन टाकला होता. एका कानावर दोन फांद्या, एक कागदी फूल आणि तारेचं टोक, बस.

कुणीतरी हसलं. वाल्टिनर म्हणाला, "हा काय मुकुट झाला? हा मोजणीत धरायचा की नाही?" बाकीचे पाचही पुढे वाकून बघायला लागले. माझ्या हातून या पोरीचं आणखी किती नुकसान व्हायचं राहिलंय, असं मनात आलं.

बुर्गल पायरीवरून उतरली. मीमीच्या कपाळावरची ती फांदी तिने नीट केली, फूल पुढे वळवलं, आणि वाल्टिनरकडे बघत, पण मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "वेंडलकाकांनी बांधलाय. धरायचा." मग ती पुन्हा पायरीवर चढली. आपल्या बापाची सगळी वर्षं तिच्या तोंडावर दिसत होती.

"त्रेचाळीस," ती म्हणाली.

वाल्टिनरने टोपी काढली. मग सगळ्यांनीच काढल्या आणि एकदम गलका झाला. मी दोरीखालून वाकून पुढे गेलो. काय बोलावं सुचेना, म्हणून मीमीचं दावं हातात घेतलं आणि तिला चौकातल्या डोणीवर नेलं. ती पोटभर पाणी पिईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो आणि लोकांच्या देखत हमसून हमसून रडलो.